मोठ्या बाईंचा ब्लोअर

गाडीचा एसी सरळ बंद पडला असता तर मोठ्या बाईंना काही वाटलं नसतं. बंद पडलेली वस्तू दुरुस्त करता येते, टाकून देता येते, अगदीच काही नाही तर तिच्याकडे बघून उसासा टाकता येतो. पण बाईंच्या गाडीतला एसी ठणठणीत होता. बिघडला होता तो त्याचा ब्लोअर, म्हणजे गार हवा माणसांच्या अंगावर ढकलणारा, डॅशबोर्डच्या पोटात बसलेला पंखा. आणि तोही सरळ मनाने बिघडला नव्हता. लहर लागली की चालायचा, लहर फिरली की थांबायचा. आत सगळी हवा थंडगार होऊन बसलेली आणि बाहेर यायला वाट नाही, असा प्रकार. भर उन्हात काचा बंद करून बसलेली माणसं मग पापडासारखी भाजून निघायची.

बाई मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. शाळा घरापासून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे शाळेला त्या चालत जायच्या आणि गाडी बाहेर निघायची ती दोघांना मिळून कुठे जायचं असेल तेव्हाच. दोघं म्हणजे बाई आणि बाईंचे मिस्टर. मिस्टरांना स्वतःचं नाव होतं, पण ते आता फक्त लाइटच्या बिलावर उरलं होतं. सगळा परिसर त्यांना 'बाईंचे मिस्टर' म्हणूनच ओळखायचा. विमा कंपनीत वाहन अपघातांच्या विभागात उभी हयात काढून ते निवृत्त झाले होते. चेपलेल्या, दुमडलेल्या, झाडाला मिठी मारलेल्या गाड्यांचे फोटो बघत त्यांनी नोकरी केली, आणि त्यानंतर त्यांनी आयुष्यात पुन्हा स्टिअरिंगला हात लावला नाही. गाडी बाई चालवायच्या. मिस्टर शेजारी बसायचे.

ब्लोअरचं पहिल्यांदा थांबणं बाईंनी शिस्तीचा प्रश्न म्हणून घेतलं. "अशी कार्टी मी पुष्कळ सरळ केलीत," त्या म्हणाल्या आणि त्यांनी डॅशबोर्डवर एक चापट मारली. ब्लोअर लगेच सुरू झाला. बाईंनी मिस्टरांकडे 'बघितलंत?' अशा नजरेने बघितलं. पुढच्या चौकात तो पुन्हा थांबला.

एवढ्यावर हा विषय कदाचित मिटला असता. माणसं काय, काचा खाली करूनही जगतात. पण मधेच आईचा फोन आला.

बाईंची आई धाकट्या भावाकडे राहायची, पाच-सहा तासांच्या अंतरावर. तिचे गुडघे आता संपावर गेले होते आणि भावाचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टचा पत्ता नाही. खाली उतरायचं म्हटलं की दोघांनी उचलायचं. "मला तुझ्याकडे घेऊन जा," आई म्हणाली. "तुझं घर जमिनीवर आहे. मला दारात बसून येणारीजाणारी माणसं बघायचीत. इथे नुसती कबुतरं दिसतात." आई आयुष्यात कोणाकडे काही मागणाऱ्यांतली नव्हती. बाईंनी लगेच कॅलेंडर बघितलं. त्या म्हणाल्या, "या रविवारी येते."

मग फोन भावाने घेतला.

"ताई, आणायचं म्हणतेस ते ठीक आहे. पण तुझ्या त्या भट्टीतून?"

"भट्टी कसली? एसी आहे गाडीला."

"मागच्या महिन्यात बसलो होतो ना मी! मागच्या सीटवर. स्टेशनवर उतरलो तेव्हा लोकांना वाटलं मी पोहून आलो. ताई, आईला उन्हाचा त्रास होतो. डॉक्टर काय म्हणाले माहीत आहे ना? पाच तास त्या गाडीत म्हणजे... नाही गं. थंडीपर्यंत राहू दे तिला इथेच."

"थंडीपर्यंत ती कबुतरं मोजत बसेल?"

"गाडी नीट असेल तर ये. नसेल तर मी पाठवणार नाही. आई तुझी तशी माझीही आहे."

भावाचं खोटं नव्हतं, म्हणूनच ते जास्त झोंबलं. बाईंनी फोन आपटूनच ठेवला. मिस्टरांनी हळूच सुचवलं, "आपण भाड्याची गाडी केली तर?"

बाईंनी त्यांच्याकडे वळून बघितलं. ती नजर शाळेत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना वर्णनाची गरज नाही. ज्यांनी पाहिली नाही, त्यांनी सुखात राहावं.

"आईला आणायचं ते आपल्या गाडीतून. आणि रविवारच्या आत तो पंखा चालेल. कसा चालत नाही तेच बघते मी."

दुसऱ्या दिवशी रजा टाकून बाई एकट्याच गाडी घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेल्या. आणि काय सांगावं, वाटेत ब्लोअर असा चालला की बाईंच्या साडीचा पदर उडायला लागला. वर्गावर साहेब तपासणीला आले की मागच्या बाकावरची मुलं कशी हाताची घडी घालून बसतात, तसा. बाई दोनदा त्याला मोठ्याने म्हणाल्या, "आता बंद पड ना! पड की!" सिग्नलला शेजारी थांबलेल्या स्कूटरवाल्याने आपली स्कूटर थोडी पलीकडे घेतली.

सर्व्हिस सेंटरमध्ये टाय लावलेले एक सल्लागार होते. त्यांच्या हातात पाटीसारखी स्क्रीन होती आणि चेहऱ्यावर न ढळणारं हसू. त्यांनी गाडीत बसून ब्लोअर सुरू केला, एकपासून चारपर्यंत सगळे वेग फिरवून बघितले.

"मॅडम, चालू आहे."

"आता चालू आहे. तो मधूनच बंद पडतो."

"बंद पडला की घेऊन या."

"अहो, बंद पडला की इथे येईपर्यंत पुन्हा चालू होतो."

"मग चालूच आहे ना, मॅडम."

बाईंनी बावीस-पंचवीस वर्षं मुलींना तर्कशुद्ध विचार कसा करावा ते शिकवलं होतं. या माणसाच्या बोलण्यात चूक कुठे आहे ते त्यांना दिसत होतं, पण बोट ठेवता येत नव्हतं. त्यांनी गाडी तिथेच सोडली. संध्याकाळी ती परत मिळाली तेव्हा कागदावर 'तक्रार आढळली नाही' असा शेरा होता. असे शेरे बाईंनी आजवर दुसऱ्यांना दिले होते. स्वतःला मिळालेला हा पहिलाच. खबरदारी म्हणून सेंटरवाल्यांनी फ्यूज बदलला होता.

संध्याकाळी दोघं किराणा आणायला निघाली. गोल चौक आला, बाईंनी उजवीकडून येणाऱ्या बसच्या आधी गाडी घातली, आणि ब्लोअर बंद.

सकाळी बाई पुन्हा सर्व्हिस सेंटरच्या दारात. या वेळी त्यांनी खुर्ची मागून घेतली आणि त्या गाडीच्या शेजारीच बसून राहिल्या. शिपायाने आणलेला चहा त्यांनी घेतला नाही, कारण चहा घेतला की माणूस मवाळ होतो असा त्यांचा अनुभव होता. सल्लागारांचं हसू दुपारपर्यंत थोडं सैल झालं. शेवटी ते म्हणाले, "मॅडम, तुमचं समाधान व्हावं म्हणून मोटरच बदलून टाकतो. गाडी अजून वाढीव वॉरंटीत आहे."

मोटर बदलली. नवा कोरा पंखा. बाई एकट्याच गाडी घेऊन घरी आल्या. वाटभर पदर उडत होता. त्यांनी विजयी मुद्रेने मिस्टरांना बाहेर बोलावलं. "बसा. एक फेरी मारून दाखवते." मिस्टर बसले. पुलाचा उतार आला. ब्लोअर बंद.

बाईंनी गाडी कडेला घेतली, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि समोर बघत राहिल्या. मिस्टर रुमालाने कपाळ पुसत होते.

"मी रडणार नाहीये," बाई म्हणाल्या.

"नाही नाही," मिस्टर घाईने म्हणाले.

"फक्त विचार करतेय."

"कर ना. घाई नाही."

आता हे प्रकरण सोसायटीत पसरलं. असल्या गोष्टी कोणी सांगत नाही, तरी कळतात. वरच्या मजल्यावरच्या काकू भाजीची पिशवी घेऊन जिन्यात थांबल्या आणि म्हणाल्या, "गॅस संपला असेल. आमच्या शेगडीचं असंच होतं." तळमजल्यावरच, बाईंच्या समोरच्या दारी, कॅप्टन राहायचे. ते खरोखर जहाजावर होते की नुसतीच टोपी घालायचे याबद्दल दोन मतं होती. त्यांनी गाडीभोवती प्रदक्षिणा घातली, बॉनेटवर कान ठेवला, आणि म्हणाले, "जहाजावर असतो तर आम्ही हा भाग कापून काढला असता."

"आणि हवेचं काय?"

"समुद्रावर हवेला तोटा नसतो, बाई."

शनिवारी सकाळी बाईंनी स्वतःच काम हातात घ्यायचं ठरवलं. पार्किंगमध्ये त्यांनी शेजारच्या सीटसमोरचा कप्पा स्क्रू काढून खाली उतरवला. कप्प्यातून विम्याचे कागद, गॉगलची एक काच, आणि मिस्टरांनी लपवलेल्या डोकेदुखीच्या गोळ्या निघाल्या. बाई आत डोकं घालून बघत होत्या, एवढ्यात त्यांना पाठीमागून घसा खाकरल्याचा आवाज आला. सोसायटीचे सेक्रेटरी होते.

"बाई, राग मानू नका. पार्किंगमध्ये वाहनदुरुस्तीला मनाई आहे. नियम आहे."

"मी दुरुस्ती करत नाहीये. बघतेय."

"स्क्रू काढलेत तुम्ही. स्क्रू काढला की दुरुस्ती सुरू झाली, असं समितीचं मत आहे."

"मग परवानगी द्या."

"अर्ज करा. समितीची बैठक झाली की ठेवतो पुढे."

"बैठक कधी?"

"मागची झाली ना, तिच्या इतिवृत्तावर अजून सह्या झालेल्या नाहीत. त्या झाल्या की मग."

नियमाला नियम म्हणून मान देण्यात बाईंचा जन्म गेला होता. एरवी त्यांनी सेक्रेटरींचं कौतुकच केलं असतं. आज मात्र त्या मिस्टरांना हाक मारून गाडीत बसल्या, निखळलेला कप्पा मिस्टरांच्या मांडीवर दिला आणि गाडी थेट शाळेच्या पटांगणात नेली. तिथे समिती म्हणजे त्याच होत्या.

शाळेत विज्ञानाचे सर प्रयोगशाळा आवरत होते. हे सर फार हुशार, पण कोणतीही गोष्ट सांगायला ते विश्वाच्या उत्पत्तीपासून सुरुवात करायचे. बाईंनी त्यांना बजावलं, "सर, आई आणायची आहे. उद्या. थोडक्यात सांगा."

सरांनी खरोखरच थोडक्यात सांगितलं. त्यांना नंतर थकवा आला. "बाई, पंख्याला दोन वायरी. एकीतून वीज येते, दुसरीतून परत जाते. पंखा थांबतो तेव्हा दोन्हींपैकी कुठली रुसते ते बघायचं. ते कधी? तो थांबलेला असताना. नंतर बघून उपयोग नाही. चोर पळून गेल्यावर खोलीची झडती घेऊन काय मिळणार?"

"मग चोर घरात असताना कसा पकडायचा?"

सरांनी कपाटातून एक छोटा दिवा काढला. त्याची एक वायर त्यांनी पंख्याकडे जाणाऱ्या विजेला जोडली, दुसरी गाडीच्या पत्र्याला, आणि दिवा चिकटपट्टीने डॅशबोर्डवर बसवला. "पंखा थांबला आणि दिवाही विझला, तर वीज येतच नाही. पंखा थांबला आणि दिवा तसाच राहिला, तर वीज येतेय, पण तिला परतायचा रस्ता नाही."

"समजलं," बाई म्हणाल्या. "चला."

बाई गाडी चालवायला, शेजारी मिस्टर, मागच्या सीटवर दोन्ही सीटच्या मधून मान पुढे काढलेले सर. डॅशबोर्डवर पिवळा दिवा, त्याच्या लोंबत्या वायरी, आणि जिथे कप्पा असायचा तिथे नुसतं भोक. कप्पा सरांच्या मांडीवर. ब्लोअर झकास चालू होता. बाजार गेला, दवाखाना गेला, तरी चालूच. सर झोपाळल्यासारखे झाले. मग पेट्रोल पंपापाशी बाईंनी एका टेम्पोला मागे टाकायचं ठरवलं आणि समोरून दुसरा टेम्पो आला. दोन्हींच्या मधून बाईंनी गाडी काढली. ब्लोअर थांबला.

दिवा चालू होता.

"सापडलं!" सर ओरडले. "परतीची वायर! बाई, परतीची वायर तुटते आहे!"

"म्हणजे नक्की कुठे?" असं विचारायला बाई मागे वळल्या, आणि त्याच वेळी पुढचा सिग्नल लाल झाला. तो त्यांना दिसला नाही. दिसला तो शिट्टी वाजवत रस्त्याच्या मधोमध आलेला हवालदार.

हवालदार मोठा, मिशीवाला, घामाघूम झालेला माणूस होता. त्याने खिडकीतून आत वाकून बघितलं. दिवा बघितला, वायरी बघितल्या, भोक बघितलं, सरांच्या मांडीवरचा कप्पा बघितला.

"हे काय आहे?"

"दिवा," बाई म्हणाल्या.

"गाडीत दिवा कशाला?"

"पंखा बंद पडला की बघायला."

हवालदाराने थोडा विचार केला. "पंखा बंद पडला, तर पंखा बंद पडलाय हे कळत नाही का?"

सरांनी मागून खुलासा करायला सुरुवात केली. त्यात 'परिपथ' हा शब्द आला आणि सगळंच बिघडलं. हवालदार सरळ उभा राहिला. "चौकीवर चला. सिग्नल मोडला ते एक, आणि हे वायरींचं काय ते साहेबांना दाखवा. मी सोबत येतो. तुम्ही मागे बसा हो," तो मिस्टरांना म्हणाला. मिस्टर एवढ्या चपळाईने मागे गेले की एखाद्याला त्यात आनंद दिसला असता.

बाईंच्या कानांच्या पाळ्या तापल्या होत्या. या रस्त्याने शाळेच्या मुली जातात, त्यांच्या आया जातात, आणि आपण पोलीस शेजारी बसवून चौकीवर चाललोय! पण तेवढ्यातही त्यांच्या लक्षात आलं, की ब्लोअर पुन्हा सुरू झालाय. हवालदाराच्याही लक्षात आलं. त्याने टोपी काढली आणि हवेची झडप स्वतःच्या तोंडाकडे फिरवली.

"चालू तर आहे," तो समाधानाने म्हणाला. "फार छान चालू आहे."

एकदाचं चौकीवर जाऊन हे संपवावं, म्हणून बाईंनी गाडी जरा पळवली. उजवीकडे वळायचं होतं. समोरून पाण्याचा टँकर येत होता. टँकरच्या आधी आपण वळू शकतो, असा बाईंचा अंदाज होता; त्यांचे अंदाज सहसा चुकत नसत, फक्त कमी जागेत बसायचे. गाडी वळली. टँकरने मोठा हॉर्न दिला. हवालदाराने वरची कडी धरली.

ब्लोअर बंद. दिवा चालू.

बाईंची नजर दिव्यावरून खाली गेली. हवालदाराचा उजवा पाय, भला मोठा काळा बूट, पायाखालच्या गालिच्यावर असा रोवलेला होता की जणू त्याला ती गाडी पायानेच थांबवायची होती.

बाईंनी गाडी कडेला उभी केली.

"पाय उचला."

"काय?"

"पाय उचला म्हणते!"

हा आवाज शाळेच्या प्रार्थनेच्या वेळी शेवटच्या रांगेपर्यंत जायचा. हवालदाराने पाय उचलला. ब्लोअर भुर्रकन सुरू झाला.

"आता दाबा. तिथेच. जोरात."

दाबला. बंद.

"उचला."

सुरू.

"दाबा. उचला. दाबा!"

फुटपाथवरून जाणारे लोक थांबले. गणवेशातला हवालदार एका बाईंच्या हुकमावर गाडीत बसून कवायत करतोय, हे दृश्य रोज दिसत नाही. मागे सर आनंदाने सीटवर उड्या मारत होते. "गालिच्याखालून वायर गेलीय! आतली तार मोडलीय, पाय दाबला की सुटते, काढला की चिकटते!"

"पण तुम्ही पाय दाबलात कशाला?" बाईंनी हवालदाराला विचारलं.

"ब्रेक मारला."

"ब्रेक माझ्याकडे आहे."

"ते माहीत आहे, बाई. पण तुम्ही मारत नव्हता."

बाईंच्या मनात एकेक जागा उभी राहिली. गोल चौकातली बस. पुलाचा उतार. पेट्रोल पंपाजवळचे दोन टेम्पो. एकट्या असताना हा पंखा एकदाही थांबला नव्हता. थांबला तो दर वेळी शेजारच्या सीटवर कोणीतरी असताना. आणि शेजारच्या सीटवर आजवर एकच माणूस बसत आला होता.

त्यांनी आरशात बघितलं. मिस्टर खिडकीबाहेरच्या बादल्यांच्या दुकानाचं फार बारकाईने निरीक्षण करत होते.

चौकीच्या आवारात झाडाखाली गाडी उभी राहिली. साहेब जेवायला गेले होते. ते येईपर्यंत सरांनी सीट मागे सरकवली, गालिचा उचलला, आणि खरोखर तिथे, पत्र्याच्या कंगोऱ्यावर घासून चपटी झालेली काळी वायर निघाली. बाहेरून अख्खी, आतून तुटकी. हवालदाराने आतून पक्कड आणि काळी पट्टी आणून दिली. त्याला आता या खटल्यात निकालापेक्षा दुरुस्तीतच जास्त रस होता.

सर काम करत असताना बाई बाकावर जाऊन बसल्या. मिस्टर थोड्या अंतरावर उभे होते, वर्गाबाहेर काढल्यासारखे.

"बसा," बाई म्हणाल्या. मिस्टर बसले. "अहो, मी जोरात चालवते?"

"जोरात असं नाही गं."

"मग?"

मिस्टरांनी योग्य शब्द शोधला. "निर्धाराने चालवतेस."

"एवढी वर्षं तुम्ही शेजारी बसून ब्रेक मारताय?"

"मारत नाही. तो आपोआप लागतो."

"मग बोलला का नाहीत कधी?"

"बोललो होतो ना. एकदा. गाडी नवीन घेतली तेव्हा." मिस्टरांनी चष्मा काढून पुसला. "तू म्हणालीस, एवढं वाटत असेल तर उतरा."

"आणि?"

"उतरलो. घरी चालत आलो. तुझ्या लक्षात नसेल, तू पुढे गेली होतीस."

बाई आठवू लागल्या. त्या दिवशी मिस्टर उशिरा घरी आले होते, आणि आपण त्यांना 'कुठे रेंगाळलात?' म्हणून विचारलंही होतं. त्यांना हसू आलं आणि ते तोंडाशी येईपर्यंत त्याचं दुसरंच काहीतरी झालं. शाळेतल्या सगळ्या मुलींची मनं आपल्याला वाचता येतात असं त्या दरवर्षी पालकसभेत सांगायच्या.

"पाय दुखत असतील तुमचे," त्या शेवटी म्हणाल्या.

"उजवी पोटरी जरा," मिस्टर म्हणाले. "तशी सवय झालीय."

तेवढ्यात साहेब आले. त्यांनी वायरींचं सगळं प्रकरण ऐकून घेतलं, दोनदा स्वतः बसून पाय दाबून बघितला, तिसऱ्यांदाही बघितला. ब्लोअर आता हूं की चूं न करता चालत होता. सिग्नलचा दंड मात्र त्यांनी घेतला. बाईंनी तो मान खाली घालून दिला. पावती नीट घडी घालून ठेवताना त्या हवालदाराला म्हणाल्या, "तुम्ही खरं बोललात, ते बरं केलंत."

"घाबरल्यावर खोटं सुचत नाही, बाई," हवालदार म्हणाला.

रविवारी उजाडताच दोघं निघाली. बाईंनी मनाशी ठरवलं होतं की आता गाडी सावकाश चालवायची, आणि गावाबाहेर पडेपर्यंत त्यांनी ती इतकी सावकाश चालवली की मिस्टर दोनदा म्हणाले, "बरी आहेस ना?" पुढे रस्ता मोकळा मिळाला. निश्चय निश्चयाच्या जागी राहिला, गाडी तिच्या जागी.

भाऊ जिन्याखाली उभाच होता. तो थेट गाडीत बसला, काचा लावल्या, ब्लोअर पूर्ण सोडला आणि हाताची घडी घालून बसून राहिला. बाई बाहेर उन्हात उभ्या. बऱ्याच वेळाने तो उतरला. शर्टाची बाही त्याने खाली ओढली होती.

"ठीक आहे," तो म्हणाला. "ताई, तिला दुपारी ताक लागतं. पाठीमागे उशी दे. आणि... रोज फोन कर."

बाईंनी त्याच्या दंडावर हात ठेवला. भांडायला म्हणून आणलेले सगळे शब्द त्यांनी तसेच परत नेले. मग भाऊ आणि मिस्टर वर गेले आणि दोघांनी मिळून आईला खुर्चीसकट खाली आणलं. खुर्चीतून ती शेजाऱ्यांना हात करत होती, जणू मिरवणूकच निघाली होती.

गुडघ्यांसाठी जागा हवी म्हणून आई पुढे बसली. मिस्टर मागे. ब्लोअरची हवा आईच्या पांढऱ्या केसांवरून जात होती आणि आई डोळे मिटून ती हवा खात होती. बाईंची छाती अभिमानाने भरून आली. रस्ता रिकामा होता. पुढे एक ट्रक रेंगाळत होता. बाईंनी त्याच्याकडे बघितलं, समोरून येणाऱ्या बसकडे बघितलं, मधल्या जागेचा अंदाज घेतला, आणि त्यांचा पाय आपोआप खाली गेला.

"अगं, हळू," आई डोळे न उघडता म्हणाली. "कोणी मागे लागलंय का तुझ्या?"

"आई, जाईल गं गाडी मधून."

"गाडी जाईल. मी म्हातारी आहे, मला भीती वाटते. हळू चालव."

इतकं सोपं वाक्य. बाईंनी ते आयुष्यात पहिल्यांदा गाडीत ऐकलं.

"हो, आई," त्या म्हणाल्या.

काटा खाली आला. ट्रक पुढे निघून गेला. मग बस गेली, एक स्कूटर गेली, पाठीमागून आलेला एक ट्रॅक्टरही हॉर्न वाजवून पुढे गेला आणि त्याच्यावरच्या माणसांनी बाईंना टाटा केला. बाईंनी दातओठ खाल्ले, पण पाय होता तिथेच ठेवला. पहिले काही मैल फार जड गेले. नंतर त्यांना रस्त्याच्या कडेची झाडं दिसायला लागली. या रस्त्याला झाडं आहेत हे त्यांना माहीत नव्हतं.

मागून एक बारीक शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. बाईंनी झटकन ब्लोअरच्या झडपेवर हात ठेवला. हवा येत होती. आवाज वाढला, घरघरला, थांबला, पुन्हा सुरू झाला. बाईंनी आरशात बघितलं. मिस्टरांनी बूट काढून ठेवले होते, दोन्ही पाय सीटवर घेतले होते, आणि तोंड उघडं टाकून ते गाढ झोपले होते.

आईने मान वळवून मागे बघितलं.

"जावयांना झोप बरी लागली गं गाडीत."

"हो," बाई म्हणाल्या आणि त्यांनी आरसा थोडा वर केला, म्हणजे आरशातलं ऊन मिस्टरांच्या तोंडावर येणार नाही. "बऱ्याच वर्षांची राहिली होती."